कोंडा: एक फसवे नाव

धान्य कांडल्यावर किंवा पीठ चाळल्यावर मागे जो भुसा उरतो त्याला मराठीत कोंडा म्हणतात, आणि डोक्यातून गळणाऱ्या पांढऱ्या खपल्यांनाही आपण कोंडाच म्हणतो. ही उपमा केवळ मराठीची नव्हे. कानडीत या विकाराला ‘तलेहोट्टु’ असे नाव आहे; त्यातील ‘होट्टु’ म्हणजे धान्याचे फोलपट. ग्रीकांनी त्याला ‘पिटिरिआसिस’ म्हटले, तेही ‘पिटिरॉन’ म्हणजे कोंडा या शब्दावरून. लॅटिनमध्ये कोंड्याला ‘फुर्फुर’ म्हणतात, आणि तो शब्द आजही एका सूक्ष्म बुरशीच्या शास्त्रीय नावात टिकून आहे. बंगाली व उर्दू या भाषांनी तर उपमेचा आडपडदाही ठेवला नाही. तेथे या विकाराचे नावच ‘खुश्की’. आणि फारसीत ‘खुश्क’ म्हणजे कोरडे.

एकमेकींपासून दूर वाढलेल्या भाषांनी एकच गोष्ट पाहिली आणि तिला जवळजवळ एकच नाव दिले, याचे भाषेच्या अभ्यासकाला कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. डोळ्यांनी जे पाहिले ते खोटेही नव्हते. खपली कोरडीच असते. परंतु खपली कोरडी, म्हणून तिचे कारणही कोरडेपणाच, हा जो निष्कर्ष नावाच्या पाठोपाठ गुपचूप घरात शिरला, तो मात्र खरा नाही. आणि आपल्या घरांतील बहुतेक उपचार नेमके त्याच निष्कर्षावर उभे आहेत. डोके कोरडे पडले आहे, तेल लावा. तरी कोंडा जात नाही, तर अधिक तेल लावा आणि रात्रभर मुरू द्या. तेलाने भागले नाही की लिंबू, दही, मेथी, कडुनिंब यांची पाळी येते. आणि तेही थकले की बाजारातील ‘नैसर्गिक’ असे छापलेली एखादी बाटली येते. नैसर्गिक उपचार चांगले की रासायनिक, यावर मग घरात वाद होतो. माझ्या मते हा वादच अस्थानी आहे. डोक्यावर राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाला आपला उपचार उपाशी ठेवतो की जेवू घालतो, हे आधी विचारले पाहिजे. उपचार झाडावरून आला की कारखान्यातून, हा प्रश्न त्यानंतरचा.

हा सूक्ष्म जीव म्हणजे ‘मालासेझिया’ नावाची यीस्टवर्गीय बुरशी. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये कोंड्याच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तीत आढळणाऱ्या गोल-लंबगोल पेशींचे वर्णन केले. पुढे त्याच्याच नावावरून या वंशाचे नामकरण झाले. ही बुरशी बाहेरून येऊन डोक्यावर स्वारी करणारी नव्हे. ती जवळजवळ प्रत्येक माणसाच्या त्वचेवर आयुष्यभर मुक्कामाला असते. कोंडा असलेल्याच्याही आणि नसलेल्याच्याही. म्हणूनच ‘तिच्या फणीमुळे मला कोंडा झाला’ ही तक्रार शास्त्राच्या दृष्टीने टिकत नाही. फणी ज्याची त्याने वापरावी हे स्वच्छतेच्या व उवांच्या दृष्टीने योग्यच आहे. पण कोंडा असलेल्या मुलीला वर्गात वेगळे बसवण्यास त्यात काहीच आधार नाही.

मालासेझियाचे एक वैशिष्ट्य असे की तिला आपल्या पेशीला लागणारी वसाम्ले स्वतः बनवता येत नाहीत. या वंशातील ‘ग्लोबोसा’ या जातीचा संपूर्ण जीनोम २००७ मध्ये उलगडण्यात आला, तेव्हा वसाम्ले तयार करणाऱ्या एंझाइमाचा जीनच तिच्यात नाही असे दिसून आले. अर्थात जगायचे तर तिला स्निग्ध पदार्थ बाहेरून मिळाला पाहिजे. तो कोठे मिळतो? केसांच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म ग्रंथी सीबम नावाचा जो तेलकट द्रव सतत स्रवत असतात, त्यात. कपाळ, नाकाच्या कडा, भुवया, छातीचा मध्यभाग आणि डोके, ज्या ज्या ठिकाणी या ग्रंथी दाट आहेत त्या त्या ठिकाणी ही बुरशी दाट असते, आणि कोंड्याचे तीव्र रूपही नेमके त्याच ठिकाणी उमटते. लहान मुलांना सहसा कोंडा होत नाही, आणि वयात येता येता तो एकाएकी सुरू होतो, याचेही कारण हेच: त्या वयात संप्रेरकांच्या प्रभावाने या ग्रंथी जोमाने कामाला लागतात. कोंडा जर कोरडेपणाचा रोग असता, तर ज्या वयात त्वचा सर्वांत तेलकट असते त्याच वयात तो का व्हावा? एवढा एक प्रश्न जरी मनाशी नीट विचारला, तरी तेलाच्या बाटलीकडे गेलेला हात थबकावा.

बुरशी सीबममधील स्निग्धांशाचे लायपेज या एंझाइमाने तुकडे करते, त्यांतील तिला हवी ती संपृक्त वसाम्ले खाते, आणि नको असलेली असंपृक्त वसाम्ले, विशेषतः ओलेइक अम्ल, तशीच मागे टाकते. हे उष्टे ओलेइक अम्ल त्वचेच्या वरच्या थरात शिरते. काहींची त्वचा ते निमूटपणे सोसते. काहींची त्वचा मात्र चिडते, खाजते, आणि घाईघाईने नव्या पेशी वर ढकलू लागते. निरोगी त्वचेतील पेशी खालून वर येऊन झडण्यास सुमारे महिनाभर घेते, आणि त्या इतक्या सुट्या होऊन झडतात की डोळ्यांना दिसतही नाहीत. घाईने वर आलेल्या पेशी पुऱ्या पक्व झालेल्या नसतात. त्या एकमेकींना चिकटूनच गठ्ठ्याने सुटतात. तो गठ्ठा म्हणजे आपला कोंडा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात स्वयंसेवकांच्या डोक्याला शुद्ध ओलेइक अम्ल लावून पाहिले गेले. ज्यांना मुळात कोंड्याची प्रवृत्ती होती त्यांच्या डोक्यावर खपल्या धरल्या. ज्यांना ती नव्हती त्यांच्या डोक्यावर काही झाले नाही. म्हणजे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बुरशी, तेलकटपणा आणि त्या माणसाच्या त्वचेची प्रकृती. पहिली गोष्ट कायमची घालवता येत नाही आणि तिसरी बदलता येत नाही. आपल्या हाती उरते ती बुरशीची संख्या आणि तिच्या अन्नाचा साठा आटोक्यात ठेवणे. ‘कोंडा कायमचा घालवा’ असे वचन देणारा, मग तो वैद्य असो, डॉक्टर असो वा जाहिरातदार असो, या एका वाक्यानेच स्वतःची परीक्षा देऊन टाकतो.

आता तेलांकडे पाहू. ऑलिव्हच्या तेलात निम्म्याहून कितीतरी अधिक भाग ओलेइक अम्लाचा असतो. बदामाच्या तेलातही तसेच. तिळाच्या व शेंगदाण्याच्या तेलात तो साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. म्हणजे ज्या द्रव्याने त्वचा चिडते तेच द्रव्य आपण वाटीने ओततो आणि शिवाय बुरशीला जेवणही वाढतो. अलीकडे आपल्याकडेही ‘थंड घाण्याचे ऑलिव्ह तेल’ कोंड्यावर नैसर्गिक उपाय म्हणून सांगण्याची जी टूम निघाली आहे, तिचे मला नवल वाटते. हे तेल आपल्या परंपरेतले नाही आणि शास्त्राच्या कसोटीलाही उतरत नाही. केवळ महाग आहे एवढ्यावरच त्याची प्रतिष्ठा.

तरीही पिढ्यान्‌पिढ्या आजीबाई जे सांगत आल्या त्यात काहीच तथ्य नसेल, असे मानणे उतावीळपणाचे होईल. तेल लावल्यावर कोंडा ‘बरा वाटतो’ हा अनुभव खोटा नाही. तेलाने खपल्या ओल्या होतात, केसांना आणि डोक्याला चिकटून बसतात आणि खांद्यावर पडत नाहीत. खाजही काही तास थांबते. दिसेनासा झालेला कोंडा गेलेला कोंडा नसतो, एवढाच काय तो फरक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेल सुकले की खपल्या दुप्पट संख्येने सुटतात, आणि माणूस मनाशी म्हणतो: पाहा, तेल लावायचे राहिले आणि कोंडा वाढला! एका चुकीच्या समजुतीला रोजचा अनुभवच साक्ष देऊ लागतो. अशा समजुती पुस्तके वाचून सहसा जात नाहीत.

खोबरेल तेलाची गोष्ट काहीशी निराळी आहे, आणि ती सांगितली नाही तर लेखकाने पक्षपात केला असे होईल. खोबरेलात ओलेइक अम्ल थोडे, दहा टक्क्यांच्या आत. आणि जवळजवळ निम्मा भाग लॉरिक अम्लाचा. हे अम्ल मोकळ्या स्वरूपात असताना काही सूक्ष्म जीवांना मारक ठरते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय स्त्रियांच्या डोक्यावर काही आठवडे खोबरेल वापरून तेथील सूक्ष्म जीवांच्या वस्तीचे परीक्षण करण्यात आले, आणि ती वस्ती निरोगी डोक्यावरील वस्तीकडे झुकलेली आढळली. यावरून खोबरेल हे कोंड्यावरचे औषध ठरत नाही. पण सर्व तेले एकाच मापाने मोजू नयेत, हे मात्र ठरते. केरळापासून कोकणापर्यंत ज्यांना डोक्याला खोबरेल लावल्यावाचून चैन पडत नाही, त्यांनी ते नहाण्यापूर्वी तासभर केसांना लावावे आणि त्याच दिवशी स्वच्छ धुऊन काढावे. तेल केसांसाठी आहे. डोक्याच्या त्वचेत चार दिवस जिरवून ठेवण्यासाठी नव्हे.

येथे आपल्या जुन्या वैद्यकाचीही साक्ष काढण्यासारखी आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘दारुणक’ नावाचा जो डोक्याचा विकार वर्णिला आहे, तो म्हणजेच कोंडा, असे सामान्यतः मानले जाते. त्यात खाज आणि रूक्षता ही लक्षणे आहेत. पण कारण सांगताना ग्रंथकार केवळ रूक्ष अशा वाताचे नाव घेत नाही; स्निग्ध अशा कफालाही तो वाताच्या जोडीला बसवतो. आणि उपचारांत तेलांबरोबरच कोद्रूच्या काडाच्या राखेचे क्षारयुक्त पाणी डोके धुण्यासाठी सांगितलेले जुन्या ग्रंथांत आढळते. त्रिदोषांची परिभाषा ही आजच्या सूक्ष्मजीवशास्त्राची परिभाषा नव्हे, आणि दोहोंची ओढूनताणून सांगड घालण्याचा माझा मानस नाही. परंतु परंपरेचे नाव घेऊन जे आपण आज करतो, त्यात परंपरेतील तेवढे तेल शिल्लक राहिले आणि धुणे विसरले गेले, हे नमूद करावेसे वाटते.

धुण्याच्या बाबतीत आपल्या देशाकडे लपवण्यासारखे काही नाही. शिकेकाईच्या शेंगा आणि रिठ्याची फळे यांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती पाण्यात फेस करतात आणि तेल सुटे करतात, म्हणजे साबणाचेच काम करतात. ‘शांपू’ हा शब्दही येथलाच. चांपणे, म्हणजे चेपणे, या हिंदी क्रियापदापासून तो इंग्रजांनी उचलला. पाटण्यात जन्मलेला शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडातील ब्रायटन येथे बाष्पस्नान व मालिश यांचे केंद्र चालवू लागला, तेव्हा तेथील उमरावांना शांपू म्हणजे अंग रगडून घेणे एवढेच ठाऊक होते. केस धुण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला. आज तोच शब्द बाटलीत भरून आपल्याकडे परत आला आहे, आणि आपण त्याला परका समजून शिकेकाईला तेवढे स्वदेशी म्हणतो.

शिकेकाई-रिठ्याने नियमित डोके धुणे हा सौम्य कोंड्यावर रास्त उपाय आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. मात्र ती वस्त्रगाळ असावी आणि भरपूर पाण्याने निघून जावी. जाडीभरडी पूड केसांत अडकली की तीच वाळून कोंड्यासारखी गळते. अंगाच्या साबणाने डोके धुणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी पुष्कळ ठिकाणी कठीण असते. त्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन एक न विरघळणारी पांढरी साय धरते आणि ती केसांवर बसते. बादलीच्या कडेला जी चिकट पांढरी रेघ दिसते तीच ही. अशा ‘कोंड्या’वर कोणतेही औषध चालत नाही, साबण बदलला की तो जातो.

स्वयंपाकघरातील इतर उपायांबद्दल फार लिहावे असे त्यांत नाही. दह्यात लॅक्टिक अम्ल असते, ते खपल्या थोड्या सैल करते. मेथीच्या वाटणाचा बुळबुळीतपणा त्वचेला मऊ वाटतो. दोन्हींपैकी कशाने बुरशी आटोक्यात येते असा भक्कम पुरावा नाही, आणि नीट धुतले तर दोन्हींनी अपायही नाही. कडुनिंबाचा अर्क काचेच्या बशीत वाढवलेल्या बुरशीला रोखतो असे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. पण काचेची बशी म्हणजे माणसाचे डोके नव्हे. बशीत जे मरते ते डोक्यावर मरेलच असे नाही, कारण तेथे सीबम आहे, घाम आहे, आणि अर्क त्वचेवर किती वेळ टिकतो हा प्रश्न आहे. लिंबाबद्दल मात्र मी स्पष्ट विरोध नोंदवतो. लिंबाचा रस त्वचेच्या स्वाभाविक आम्लतेपेक्षा शेकडो पट अधिक आम्ल असतो. खाजवून ओरखडे उठलेल्या डोक्यावर तो चोळणे म्हणजे जखमेवर लिंबू पिळणेच होय. शिवाय लिंबाच्या काही जातींच्या सालीतील द्रव्यांवर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग उमटतात. खाण्याच्या सोड्याचेही तेच. तो उलट बाजूने, अल्कधर्मी होऊन, त्वचेचा समतोल ढळवतो.

नैसर्गिक उपायांपैकी काहींची मात्र माणसांवर रीतसर परीक्षा झाली आहे, आणि ते उपाय पुढे आले याचा आनंदच मानला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील टी ट्री या झाडाच्या पानांतून काढलेले तेल पाच टक्के प्रमाणात शांपूत मिसळून २००२ मध्ये १२६ रुग्णांवर चार आठवडे वापरण्यात आले. कोंड्यात ४१ टक्के सुधारणा आढळली, आणि ते तेल नसलेल्या शांपूने ११ टक्के. या अकरा टक्क्यांकडेही वाचकाने लक्ष द्यावे. औषध नसलेला शांपूही थोडा उपयोगी पडतो, कारण नुसते धुणे हाही उपचार आहे. ज्या प्रयोगात अशी तुलना नाही त्यातील ‘गुण आला’ या शब्दांना फार किंमत देऊ नये. कोरफडीच्या तिसांश टक्के नव्हे, चांगल्या तीस टक्के प्रमाणातील मलमाचा प्रयोग १९९९ मध्ये ४४ रुग्णांवर झाला आणि खाज व खपल्या कमी झाल्या. मधाचा २००१ मधील प्रयोग ३० जणांवर होता. मध कोमट पाण्यात कालवून एक दिवसाआड तीन तास डोक्यावर ठेवायचा होता. गुण आला खरा, पण मध बंद करणाऱ्यांपैकी पुष्कळांना विकार पुन्हा झाला. एक दिवसाआड तीन तास मध माखून बसण्याइतकी सवड आणि तेवढा मध कोणत्या घरात आहे, हा प्रश्न शास्त्राचा नसला तरी विचारण्यासारखा आहे.

आता त्या मूळ वादाकडे येतो. औषधी शांपूंमध्ये जी द्रव्ये असतात त्यांपैकी सॅलिसिलिक अम्लाचा शोध विलो या झाडाच्या सालीच्या अभ्यासातून लागला. सेलेनियम हे भूगर्भातील मूलद्रव्य, त्याच्या सल्फाइडाचा वापर कोंड्यावर १९५० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. झिंक पायरिथिऑन आणि कीटोकोनॅझोल ही प्रयोगशाळेत घडवलेली. यांतील नैसर्गिक कोणते आणि कृत्रिम कोणते? उलट बाजूने पाहा. केरळातील वैद्यपरंपरेत धोत्र्याच्या पानांचा रस घालून सिद्ध केलेले खोबरेल कोंड्यावर वापरतात. जाणत्या वैद्याच्या देखरेखीखालील त्या योगाबद्दल मला येथे निवाडा द्यायचा नाही. पण धोत्रा नैसर्गिक आहे म्हणून ते तेल घरी कढवण्याचा उद्योग कोणी करू नये. धोत्र्यातील ॲट्रोपीन व स्कोपोलामीन ही विषे माणसाला भ्रमिष्ट करतात आणि प्रसंगी प्राणही घेतात. खरचटलेल्या त्वचेतून वा मुलाच्या तोंडात गेलेल्या हातावरून ती शरीरात जाऊ शकतात. निसर्गाने द्रव्ये निर्माण केली ती आपल्या केसांची काळजी म्हणून नव्हे.

कारखान्यातले सारे निर्धोक, असेही म्हणवत नाही. झिंक पायरिथिऑन हे द्रव्य युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास बंदी केली. त्यामागचा तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. धुऊन टाकण्याच्या शांपूत एक टक्क्यापर्यंत ते सुरक्षित आहे, असेच तेथील शास्त्रीय समितीचे मत होते. परंतु प्राण्यांवरील प्रयोगांवरून त्याची गणना प्रजननास घातक द्रव्यांच्या वर्गात झाली, आणि त्याला पर्याय उपलब्ध असल्याने कायद्याने बंदी आपोआप लागू झाली. ‘युरोपात विष ठरलेले रसायन आपल्याला विकतात’ हे वाक्य ऐकायला धारदार आहे. पण धोका हा द्रव्य, त्याचे प्रमाण आणि वापराची रीत या तिन्हींवर अवलंबून असतो, ही गोष्ट ते वाक्य गिळून टाकते. धोत्र्याला जो न्याय तोच पायरिथिऑनला.

वापराची रीत म्हटली, तर येथेच बहुतेकांचे औषध वाया जाते. औषधी शांपू डोक्याला लावून लगेच धुऊन टाकला तर तो केस धुतो, बुरशीपर्यंत पोचत नाही. फेस केसांवर नव्हे, त्वचेवर बोटांच्या टोकांनी चोळावा, आणि तीन ते पाच मिनिटे तसाच राहू द्यावा, मग धुवावे. दोन टक्के कीटोकोनॅझोलचा शांपू सामान्यतः आठवड्यातून दोन वेळा, दोन ते चार आठवडे वापरतात, आणि पुढे कोंडा उलटू नये म्हणून आठवड्या-पंधरवड्याने एकदा. औषध लागू पडल्यावर ते एकदम सोडून देणे आणि महिन्याभरात कोंडा परतल्यावर औषधालाच बोल लावणे, हा प्रकार फार आढळतो. नखांनी खाजवू नये. हिवाळ्यात कोंडा बहुधा वाढतो. उत्तर भारतातील थंडीत, कढत पाण्याने नहाणे आणि दिवसभर टोपी वा मफलर यांची जोड मिळाली म्हणजे विशेष. पाणी कोमट घ्यावे आणि ओल्या केसांवर टोपी घालू नये. आहारातील अमुक पदार्थ खाल्ल्याने कोंडा होतो असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. तेव्हा त्या नावाखाली मुलांचे खाणेपिणे तोडू नये. वयात आलेल्या मुलामुलींना तर कोंड्यापेक्षा त्याची लाज अधिक छळते. गडद रंगाच्या गणवेशावर पांढरे कण दिसतात, शेजारची मुले हसतात, आणि घरी ‘डोके धूत नाहीस’ किंवा ‘तेल लावत नाहीस’ अशी दोन्ही तोंडांनी बोलणी बसतात. हा अस्वच्छतेचा पुरावा नाही; जगातील प्रौढांपैकी सुमारे निम्म्यांना कधी ना कधी कोंडा होतो.

कोंडा नसलेल्या गोष्टींनाही आपण कोंडा म्हणतो, आणि नावाची फसवणूक येथे खरोखर महाग पडते. कानामागे, कपाळाच्या कडेवर, कोपरांवर, गुडघ्यांवर जाड चंदेरी पापुद्रे धरले तर तो सोरायसिस असू शकतो. भुवया, नाकाच्या कडा, छाती येथे लाली व पिवळट खपल्या पसरल्या आणि महिनाभर नीट उपचार करूनही हटल्या नाहीत, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. प्रतिकारशक्ती क्षीण करणाऱ्या काही आजारांत हा विकार एकाएकी तीव्र होतो.

सर्वांत अधिक काळजी घ्यावी ती शाळकरी मुलांच्या बाबतीत. वयात येण्यापूर्वी खरा कोंडा क्वचितच होतो, हे वर सांगितलेच. तेव्हा सहा-आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात खपल्या दिसल्या, त्या जागचे केस तुटले किंवा गळून चट्टा पडला, तर ते डोक्याचे गजकर्ण असण्याचा संभव मोठा. तीही बुरशीच, पण निराळी: ती केसाच्या आत शिरते, एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि तेल, लिंबू, कडुनिंब किंवा शांपू यांपैकी काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही. तिच्यावर पोटात घेण्याचे औषध लागते, तेही सहा ते आठ आठवडे. त्यांतले एक जुने औषध ग्रिझिओफल्विन. ते १९३९ मध्ये पेनिसिलियम वंशातील एका बुरशीपासूनच वेगळे काढले गेले, तेव्हा ज्यांना निसर्गाचाच आग्रह आहे त्यांचीही येथे अडचण होऊ नये. उपचार लांबला तर काही मुलांच्या डोक्यावर पू भरलेली सुजट गाठ येते, आणि ती बसल्यावर त्या जागी काही वेळा केस पुन्हा उगवत नाहीत. असे मूल वर्गात दिसले तर शिक्षकांनी पालकांना बोलावून सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात वा रुग्णालयात पाठवावे. घरातील इतर मुलांची डोकीही तपासून घ्यावीत, आणि त्याची फणी, टोपी व टॉवेल तेवढे दिवस वेगळे ठेवावेत.